अ. पा. क.

ज्या दिवशी आमच्या माडीच्या छताचा सुमारे अर्धा शेर चुना माझ्या आमटीच्या वाटीत पडला, त्या दिवसापर्यंत मी स्वतःला एक सुखी भाडेकरू समजत होतो. पुण्याच्या एका जुन्या पेठेतील त्या वाड्यात मी १९८७ साली सपत्नीक प्रवेश केला, तेव्हा छतही जागेवर होते आणि माझे केसही. पुढील अडतीस वर्षांत दोहोंनीही सारख्याच गतीने स्थलांतर केले. आमचे घरमालक तात्यासाहेब दर महिन्याच्या पाच तारखेस काठी आपटीत जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहत, आणि भाड्याचे एकशेदहा रुपये सहा तारखेवर गेले, की साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशा खणखणीत स्वरात म्हणत, "मास्तर, हा वाडा आहे, धर्मशाळा नव्हे!" एकतीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या माणसाला या वाक्यावर एखादे चपखल सुभाषित सुचावयास हवे होते. ते सुचेही, पण सात तारखेस.

"अहो, जन्मभर दुसऱ्याच्याच छताखाली जेवायचं का?" वाटी दूर सारीत पत्नीने विचारले. छत आता आपल्या वर नसून वाटीत आहे, त्यामुळे प्रश्न तितकासा बिनचूक नाही, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. परंतु संसारात तर्कशुद्धतेला जे स्थान असते तेच तिला त्या रात्रीही मिळाले, आणि भविष्य निर्वाह निधी, उपदान व पत्नीने डाळीच्या डब्यात साठवलेली रक्कम यांची बेरीज करून आम्ही घर घेण्याचा संकल्प सोडला. घर विकत घेणे म्हणजे पैसे मोजणे व किल्ली घेणे, एवढीच त्या वेळी माझी या विषयाची व्युत्पत्ती होती.

प्रथम आम्हांस भेटला तो एक दलाल. त्याच्या पत्रिकेवर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असे छापले होते. परंतु कान खाजविण्याची त्याची पद्धत त्या व्यवसायाच्या जुन्या नावालाच शोभणारी होती. शहरापासून बारा मैलांवर नेऊन त्याने एका माळाकडे बोट केले आणि म्हणाला, "सर, सात-बारा एकदम क्लिअर आहे." तोवर सात-बारा हे दंडसंहितेतील एखादे कलम असावे आणि ते 'क्लिअर' होणे म्हणजे आरोपी निर्दोष सुटणे, अशी माझी कल्पना होती. वास्तविक महसुलाच्या दप्तरात गाव नमुने २१ असून, त्यांतला सातवा हा अधिकार अभिलेखाचा आणि बारावा पिकांचा. दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून तो सात-बारा, हे पुढे तलाठीभाऊसाहेबांनी मला समजावून सांगितले, तेव्हा इतक्या प्रसिद्ध शब्दाची व्युत्पत्ती इतकी साधी असावी याचे मला, एक भाषाशिक्षक या नात्याने, थोडे दुःखच झाले.

तो उतारा मी चष्मा पुसून तीनदा वाचला. माघाच्या काव्यातही मला इतके अडखळावे लागले नव्हते. 'पोटखराबा' हा शब्द दिसताच पत्नीने तेथील विहिरीचे पाणी पिण्यास साफ नकार दिला. लागवडीस निरुपयोगी असलेल्या तुकड्यास तसे म्हणतात, हा खुलासा होईपर्यंत तिने ओव्याची पूडही तोंडात टाकली होती. 'आकार' या रकान्यात २ रुपये ३७ पैसे असा आकडा होता, म्हणजे साऱ्या जमिनीवर सरकार वर्षाला इतकाच सारा मागत होते, आणि दलाल तिच्या एकेका गुंठ्याचे अठरा लाख मागत होता. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद, अर्थात १०८९ चौरस फूट, हे मला पाठ होते. पण उताऱ्यावर गुंठा नव्हताच, 'आर' होता. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि तो भरतो १०७६ चौरस फूट. "एकच आहे हो सर," असे दलाल म्हणाला. दर गुंठ्यामागे जे साडेबारा-तेरा फूट या 'एकच आहे'मध्ये लुप्त होतात, त्यांचा वारस कोण, या प्रश्नावर त्याने पुन्हा कान खाजविला.

पिकांच्या रकान्यात 'ज्वारी' अशी स्पष्ट नोंद होती. आम्ही उभे होतो तेथे मात्र एक भव्य मंगल कार्यालय होते आणि सनईच्या ध्वनिफितीवर कोणाचे तरी लग्न लागत होते.

"ज्वारी कोठे आहे?" मी विचारले.

"मागच्या बाजूला बुफे असतो ना सर, तिथे भाकरी मिळते."

परंतु माझी खरी गाठ पडली ती भोगवटादारांच्या रकान्याशी. त्यात एकूण सतरा नावे होती. त्यांपैकी एकापुढे 'ए. कु. मॅ.' आणि दुसऱ्यापुढे 'अ. पा. क.' अशी अक्षरे होती. 'अपाक' म्हणजे न शिजलेला, हा अर्थ मला तत्काळ सुचला, आणि अपक्व मालकीचा हा काही प्रकार असावा असा तर्क मी पत्नीला सांगितलाही. भाऊसाहेबांनी तो ऐकून घेतला व शांतपणे म्हणाले, "गुरुजी, एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आणि अपाक म्हणजे अज्ञान पालन कर्ता. मालक अज्ञान आहे, वयात आलेला नाही, म्हणून त्याची आई पालनकर्ती."

एका अज्ञान बालकाच्या हिश्श्यावर आपण घर बांधावे हे मला प्रशस्त वाटेना. त्याची प्रत्यक्ष भेट घेऊन, त्याच्या मातोश्रींची संमती मिळवून मगच पुढे जावे, असे ठरले. आणि लहान मुलाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून पत्नीने बिस्किटांचा एक पुडा घेतला. गावात घर शोधून काढले. ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ घोंगडी पांघरून बसले होते, आणि शेजारी पेल्यात त्यांची कवळी विश्रांती घेत होती.

"अज्ञान घरात आहेत का?" मी आदबीने विचारले.

"मीच तो," वृद्ध म्हणाले.

त्यांची मातोश्री, म्हणजे कागदावरील पालनकर्ती, १९८३ सालीच निवर्तली होती. त्यानंतर फेरफार घालावयाचा राहून गेला तो राहूनच गेला. दरम्यान त्या अज्ञान बालकाची मुले मोठी झाली, नातू स्पर्धापरीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नास बसला, पण सरकारदप्तरी आजोबांचे वय काही आठ-नऊ वर्षांच्या पुढे सरकले नाही. ते बिस्किटे चहात मऊ करून मोठ्या तृप्तीने खात होते आणि मी त्यांच्याकडे असूयेने पाहत होतो. कारण मला नियत वयोमानानुसार एका दिवसाचीही सवलत न देता निवृत्त करण्यात आले होते.

हा व्यवहार आम्ही अज्ञानामुळे सोडला असे मात्र नव्हे. एक-दोन गुंठ्यांच्या सुट्या विक्रीला १९४७ सालचा तुकडेबंदीचा कायदा आडवा येत होता, आणि त्यावर दलालाने काढलेला तोडगा असा, की अकरा अनोळखी माणसांनी मिळून अकरा गुंठे सामाईक घ्यावेत. सतराजणांपासून सोडवून आणलेल्या जमिनीत अकराजणांबरोबर राहावयाचे, हे मला पेलेना. वाड्यात आम्ही सातच बिऱ्हाडे होतो, आणि सकाळच्या नळाला तीच जास्त होत.

यानंतर मी एका वकीलसाहेबांना शरण गेलो. त्यांच्या कार्यालयात तांबड्या फितीने बांधलेली बासने छतापर्यंत रचलेली होती, आणि मध्ये वकीलसाहेब, प्रलयकाळी वटपत्रावर पहुडलेल्या बालमुकुंदाप्रमाणे, शांतपणे बसले होते.

"सात-बारावर नाव असले की माणूस मालक ना?" मी प्रारंभ केला.

"छे! सात-बारा हा सारावसुलीचा कागद. तो मालकीचा पुरावा नव्हे."

"मग पुरावा कोणता?"

"खरेदीखत. तेही नोंदवलेले."

"ते नोंदवले, की मालकी पक्की?"

"१९०८ च्या कायद्याने नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. विकणाऱ्याचाच हक्क लंगडा असेल, तर तुमच्याकडे तो काही धावत यायचा नाही."

"आणि विकणाऱ्याचा हक्क कशावरून ठरवावयाचा?"

"त्याच्या खरेदीखतावरून."

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. ज्याच्या आधाराला दुसरा आधार, त्याला तिसरा, त्याला चौथा, आणि अंत कोठेच नाही, अशा या स्थितीला न्यायशास्त्रात अनवस्था म्हणतात, आणि तिचे चांगले उदाहरण मला एकतीस वर्षांत वर्गात कधी सापडले नव्हते. ते येथे, तांबड्या फितीत, आयते मिळाले. "मग आपण कोठे थांबावयाचे?" मी हर्षभराने विचारले. वकीलसाहेब म्हणाले, "तीस वर्षांचा शोध घेतो. त्यामागे जायचे असेल तर फी वेगळी पडेल." अनवस्थेचा परिहार इतक्या थोडक्यात गदाधर भट्टाचार्यांनाही साधला नसता.

येथे मला आमच्या पूर्वजांच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. जमीन द्यावयाची ती 'यावच्चंद्रदिवाकरौ', चंद्रसूर्य असेपर्यंत, असे ताम्रपटावर एकदा कोरून टाकले, की मुदतीचा प्रश्न उरत नसे. आणि पुढे कोणी त्या दानाला हात घालू नये म्हणून शिलाहार व यादव काळात गधेगाळ नावाचा दगड रोवीत. त्या दगडावर दान मोडणाराच्या मातोश्रींचा आणि एका गर्दभाचा जो प्रसंग खोदलेला असे, त्याचे वर्णन मी कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या लेखात करू शकत नाही. निरक्षर माणसालाही तो एका दृष्टिक्षेपात समजे, एवढे सांगणे पुरे. अलिबागेजवळच्या आक्षीचा शके ९३४ चा लेख, ज्याला मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखाचा मान देतात, तोही दानाचाच. म्हणजे आपली मायबोली दगडावर लिहिली जाऊ लागली, ती मालमत्तेच्या कामी. वकीलसाहेबांना मी सुचवून पाहिले, की करारनाम्याच्या शेवटी गधेगाळाचे एखादे चित्र घालता येईल का. ते म्हणाले, संगणकावर तशी सोय नाही.

अखेर शहरातच, एका तीन मजली इमारतीत, दोन खोल्या व स्वयंपाकघर आमच्या आवाक्यात आले. अठ्ठेचाळीस लाख ही किंमत त्या भागाच्या मानाने इतकी कमी होती, की त्या घरात पिशाच्च असावे अशी मला शंका आली. पिशाच्च नव्हते; भाडेपट्टा होता. १९४६ साली एका देवस्थानाने ती जमीन एका गृहस्थांस ९९ वर्षांच्या कराराने दिली, त्यांच्या मुलांनी पुढे बंगला पाडून इमारत उठवली आणि पट्टेदारीचा हक्क सोसायटीच्या नावे करून दिला. इमारत सभासदांची, जमीन देवाची, आणि मुदत २०४५ साली समाप्त. म्हणूनच बँक त्या घरावर कर्ज देण्यास नाखूश, म्हणूनच किंमत उतरलेली, आणि म्हणूनच माझ्यासारख्या, कर्ज न काढता डाळीच्या डब्यावर विसंबलेल्या गिऱ्हाइकाची तेथे वर्णी.

पट्ट्याचा मूळ दस्त मोडीतून उतरवलेला होता. पट्टेदाराने त्या जागेत चुन्याची भट्टी लावू नये, म्हशींचा गोठा घालू नये, देवस्थानाच्या परवानगीवाचून विहीर खणू नये, आणि मुदत संपताच जमीन तीवरील बांधकामासह निमूटपणे मालकाच्या ताब्यात द्यावी. हस्तांतरणाच्या वेळी नजराणा. वार्षिक भुईभाडे १२० रुपये, सभासद बारा, म्हणजे आमच्या वाट्यास दहा रुपये. म्हशींची अट वाचून पत्नीला हायसे वाटले. माझी दृष्टी मात्र 'निमूटपणे' या क्रियाविशेषणावर खिळून राहिली.

"वीस वर्षांनी हे लोक घर परत मागतील," मी म्हणालो.

"वीस वर्षांनी तुम्ही चौऱ्याऐंशीचे असाल. तुमचंच बोलावणं आधी येतं की घराचं, ते बघू," ती म्हणाली, आणि हा युक्तिवाद वकीलसाहेबांच्या सबंध अहवालाहून अधिक भक्कम होता.

मध्यंतरी वर्तमानपत्रात 'तमाम लोकांस' उद्देशून जाहीर नोटीस दिली गेली, की सदर मिळकतीत कोणाचा हक्क, हितसंबंध, दावा, बोजा असल्यास त्यांनी चौदा दिवसांचे आत लेखी पुराव्यानिशी कळवावे. तमाम लोकांशी माझा हा पहिलाच पत्रव्यवहार असल्याने ते चौदा दिवस मी दारावरील प्रत्येक टकटकीने दचकत काढले. बाराव्या दिवशी एक गृहस्थ खरोखरच हरकत घेऊन आले. त्यांच्याजवळ १९६२ सालचा कागद होता, डोळ्यांत पाणी होते, आणि चुलत्याने केलेल्या अन्यायाची दीड तास चाललेली हकीकत होती. ती संपल्यावर, दोनदा चहा होऊन, असे निष्पन्न झाले की त्यांची मिळकत नाशकास आहे. पुणे-नाशिक हा भेद त्यांच्या दृष्टीने तपशिलाचा होता. जाताना त्यांनी वकीलसाहेबांचा पत्ता मागून घेतला.

नोंदणीच्या आदल्या दिवशी आणखी एक शोध लागला. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सात टक्क्यांचे सहा टक्के, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार रुपये. अडतीस वर्षे ज्या मालकीहक्काचे स्वप्न पाहिले, त्याचा मी अठ्ठेचाळीस हजारांसाठी अर्ध्या मिनिटात त्याग केला, आणि त्यागाचे मोल इतके रोख मिळाल्याचे उदाहरण मला पुराणांतही आठवेना. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत मग माझ्याकडे एकच भूमिका उरली: ओळख पटविणाऱ्याची.

"यांना किती वर्षे ओळखता?" तेथील तरुण कारकुनाने पत्नीकडे बोट करून विचारले.

"अडतीस."

"चांगली ओळख आहे ना?"

हा प्रश्न इतका गहन होता, की मी उत्तरासाठी पत्नीकडे पाहिले. तिने मान डोलावली, आणि माझी तिच्याशी चांगली ओळख असल्याचे सरकारदरबारी रुजू झाले. मग अंगठा. पत्नीचा अंगठा यंत्राने पहिल्याच स्पर्शात उचलला. माझा काही केल्या उमटेना. पुसून पाहिला, धुऊन पाहिला, कारकुनाने स्वहस्ते दाबून पाहिला. "काका, बांधकामावर होतात का?" त्याने सहानुभूतीने विचारले. "नाही, संस्कृतचा शिक्षक होतो. खडूने झिजला असेल." ज्या हाताने मी तीन पिढ्यांतील विद्यार्थ्यांना अंगठेबहाद्दर म्हणून हिणवले, त्याच हाताला अंगठा उठविण्याइतकीही विद्या उरली नव्हती, आणि मागच्या रांगेतून "मास्तरांना जरा तेल द्या" अशी सूचना करणारा इसम माझ्या १९९४ च्या नववी 'क'मधला निघाला. सहाव्या प्रयत्नास, ओल्या रुमालाच्या साहाय्याने, माझी ओळख पटली.

अशा रीतीने आम्ही वाडा सोडला. तात्यासाहेबांनी निरोप देताना, "चला, मालक झालात!" असे जे म्हटले त्यात जागा सुटल्याचा आनंद आणि भाडेकरू गेल्याची पोकळी यांचे मिश्रण असावे. मी मालक नव्हतो. मी पत्नीच्या घरात राहत होतो, पत्नी सोसायटीची सभासद होती, सोसायटी देवस्थानाची पट्टेदार होती, आणि वकीलसाहेबांनी जाता जाता सांगितले त्याप्रमाणे, देवस्थानचा मालक जो देव, तो कायद्याच्या दृष्टीने कायमचा अज्ञान. त्याचे व्यवहार पालनकर्त्यानेच पाहावयाचे. म्हणजे फिरून फिरून मी पुन्हा अ. पा. क.पाशीच आलो होतो. फरक इतकाच, की या अज्ञानाला बिस्किटांऐवजी पेढे लागत.

सोसायटीत सर्वांत नव्या सभासदाने भुईभाडे नेऊन भरावे अशी प्रथा असल्याने, मार्चच्या अखेरीस एकशेवीस रुपये खिशात घालून मी बाहेर पडू लागलो.

"कुठे निघालात?" पत्नीने विचारले.

"भाडे भरावयास," मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले. पण ते घर तिचे असल्यामुळे ती काही बोलली नाही.

देवस्थानचे दप्तर सभामंडपाच्या ओवरीत आहे. उतरते मेज, त्यावर जाडजूड कीर्दवह्या, आणि पलीकडे कानावर लेखणी खोचलेले वयोवृद्ध कारभारी. माझ्या आधी एक गृहस्थ पाठमोरे उभे होते. कारभारी त्यांच्यावर बोट नाचवीत होते, आणि त्यांची काठी, जी एरवी जिन्यावर आपटली असता तीन चौक हादरत, ती काखेत मुकाट दडली होती.

"अकरा वर्षांची थकबाकी! वर्षाला अठ्ठेचाळीस रुपये, तेही होत नाहीत तुमच्याने? वाड्याची जमीन देवाची आहे हे विसरलात की काय? तात्यासाहेब, हे देवस्थान आहे, धर्मशाळा नव्हे!"

हे ऐकून माझ्या जिभेवर एक सुभाषित आले, चपखल, आणि आयुष्यात प्रथमच वेळेवर. परंतु तेवढ्यात तात्यासाहेबांनी मागे वळून मला पाहिले. पाकीट उघडले, आतील नोटा दोनदा मोजल्या, घसा खाकरला, आणि ज्या स्वरात मी त्यांना अडतीस वर्षांत कधी बोलताना ऐकले नव्हते, अशा स्वरात ते म्हणाले,

"मास्तर, दोनशे रुपये असतील का? पाच तारखेला आणून देतो."